सगळी क्रियापदं एका माळेचे मणी नाहीत

बडोद्यातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या 'रोज एक शब्द' छापाचा एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कायदा करणे, संमत करणे, मंजूर करणे, लागू करणे, अमलात आणणे हे सगळे समानार्थी, कुठलाही वापरा. 'कायदा' मूळचा अरबी, म्हणून शुद्ध मराठीत 'विधी करणे' म्हणावं. अध्यादेश (म्हणजे वटहुकूम) ही नुसती सूचना, कायदा नव्हे. आणि शेवटी मानाचा तुरा: सयाजीराव महाराजांच्या धारासभेने (म्हणजे संस्थानच्या कायदेमंडळाने) १९०४ मध्येच बालविवाहबंदीचा कायदा पारित केला.

समानार्थी म्हणे! भारतीय न्याय संहिता घ्या. संसदेनं ती संमत केली डिसेंबर २०२३ मध्ये. राष्ट्रपतींची सही झाली २५ डिसेंबरला. अमलात आली १ जुलै २०२४ ला. म्हणजे त्या वर्षी मार्चमध्ये रावपुऱ्यात कुणी तुमचं पाकीट मारलं असतं, तर गुन्हा जुन्या दंडसंहितेच्या कलम ३७९ खालीच नोंदला गेला असता. नवी संहिता 'संमत' होती, 'लागू' नव्हती. त्यातही १ जुलैला सगळी संहिता लागू झाली असं नाही. कलम १०६ चं उपकलम २, म्हणजे अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाच्या शिक्षेचं, ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, ते सरकारनं अधिसूचनेतून बाजूला ठेवलं. याहून जुनं उदाहरण हवं असेल तर १९७८ ची ४४वी घटनादुरुस्ती आहे. तिच्यातला प्रतिबंधक स्थानबद्धतेबद्दलचा (म्हणजे खटल्याविना आधीच अटकेत ठेवण्याबद्दलचा) भाग संमत झाला, त्यावर सही झाली, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना काही निघाली नाही.

शेती कायद्यांच्या वेळी तर ही क्रियापदं एकापाठोपाठ एक रांगेत येऊन गेली. जून २०२० मध्ये वटहुकूम काढले. सप्टेंबरमध्ये विधेयकं मांडली, संमत केली, सही झाली. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंमलबजावणीला स्थगिती दिली. १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी कायदे मागे घेत असल्याची घोषणा केली आणि त्याच संध्याकाळी जो तो 'रद्द झाले, रद्द झाले' म्हणत सुटला. रद्द करणारं विधेयक संसदेनं संमत केलं ते २९ नोव्हेंबरला. घोषणा करणं पंतप्रधानांच्या हातात होतं, रद्द करणं संसदेच्या.

प्रत्येक क्रियापदामागे कर्ता वेगळा, हे एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. विधेयक मांडतो मंत्री, संमत करतं सभागृह, मान्यता देतात राष्ट्रपती किंवा राज्यपाल, अधिसूचना काढतं सरकार, अंमल करतात पोलीस आणि अधिकारी. गप्पांत कुणी 'सरकारनं कायदा केला' म्हणालं तर त्याला अडवायचं कारण नाही, आपण सगळेच तसं बोलतो. पण शब्द शिकवायला निघालेल्यानं तरी इतका ढिलेपणा करू नये. सोसायटीच्या सेक्रेटरीनं 'लिफ्टमध्ये कुत्रा आणायचा नाही' असा कायदा काढला म्हणतात, तेव्हा तो फार तर ठराव असतो, आणि बहुतेक वेळा तोही नसतो, नुसतं फर्मान असतं.

आपल्या बडोद्याच्या मराठीची आणखी एक गंमत आहे. गुजरातीत विधेयक म्हणजे 'खरडो', आणि तो 'पसार' होतो. आपली मंडळीही सर्रास 'बिल पसार झालं' म्हणतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला वाटावं, विधानसभेतून बिल पळालंच! वटहुकूम मात्र दोन्ही भाषांत जवळपास तोच, गुजरातीत 'वटहुकम'.

'विधी करणे'बद्दल फार लिहायची गरज नाही. 'सरकारनं काल नवा विधी केला' असं दांडिया बाजारात म्हणून बघा, लोक विचारतील कोणाचा, तेराव्याचा का? विधिमंडळ, विधेयक, विधी महाविद्यालय हे शब्द रुळले, ते ठीक. म्हणून 'कायदा' परका होत नाही. कायद्याचा कीस काढणारी, कायद्यावर बोट ठेवणारी आणि वेळ आली की तोच धाब्यावर बसवणारी माणसं आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

अध्यादेशाचं विधान सरळ चूक आहे. घटनेच्या अनुच्छेद १२३ नुसार राष्ट्रपतींनी काढलेल्या अध्यादेशाला संसदेच्या कायद्याइतकंच बळ असतं. फरक मुदतीचा. संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मान्यता मिळाली नाही तर तो आपोआप संपतो. राज्यपालांसाठी अनुच्छेद २१३ आहे. अध्यादेश मोडला तर 'ही तर नुसती सूचना होती' हे कोर्टात चालणार नाही.

राहिला मानाचा तुरा. बडोदा संस्थानात बालविवाहाला बंदी घालणारा कायदा १९०४ चा, हे खरं. पण धारासभा आली त्यानंतर, १९०८ मध्ये. जी सभा नव्हतीच, ती पारित काय करणार? तो कायदा महाराजांच्या अधिकारातून आला, म्हणून तिथे 'केला' किंवा 'घालून दिला' हेच शब्द शोभतात. त्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय १२ आणि मुलाचं १६ धरलं होतं. तो लागूही झाला, खटलेही झाले. तरी दंडाची रक्कम लग्नखर्चात धरून मुलांची लग्नं उरकणारे वऱ्हाडी होतेच.