चौदा रुपये आठ आणे

आज सकाळी एका ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "पागडीवाले म्हणजे मुंबईचे जावई. चाळीस रुपयांत गिरगावात राहायचं आणि वर नवा फ्लॅट फुकट मागायचा." खाली धडाधड अंगठे. पागडीवाले म्हणजे मालकाला एकदाच मोठी रोख रक्कम देऊन जुन्या चाळीत नाममात्र भाड्याने राहणारे भाडेकरू; चाळ पाडून नवी इमारत झाली की त्यांना त्यात घर मिळतं, त्यावरून हा टोमणा. तेव्हापासून गिरगावातल्या एका आजींचा पत्र्याचा डबा डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

डब्यात भाडेपावत्या आहेत, सुतळीने बांधलेल्या. सगळ्यात खालची त्यांच्या सासऱ्यांच्या नावाची, १९४० सालच्या ऑगस्टची. रक्कम १४ रुपये ८ आणे. पुढची, त्याच्या पुढची, सगळ्यांवर तेच. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा मुनीमजींनी १४ रुपये ५० नये पैसे लिहायला सुरुवात केली. भाडं तेच, फक्त आण्यांचे पैसे झाले.

हा आकडा आजींनी ठरवलेला नाही, त्यांच्या सासऱ्यांनीही नाही. तो ठरवला दुसऱ्या महायुद्धाने. युद्ध सुरू झालं तसं सिमेंट, लोखंड, चांगलं लाकूड लष्कराकडे वळलं, खासगी बांधकाम जवळजवळ थांबलं. दुसरीकडे गिरण्या तीन पाळ्यांत चालायला लागल्या, गोदीत काम वाढलं, माणसं येत राहिली. १९४१ला शहराची वस्ती सुमारे १५ लाख होती, १९५१ला तेवढ्याच बेटावर २३ लाखांच्या वर. मध्ये १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोट उडाली आणि आसपासच्या वस्तीतले हजारो लोक उघड्यावर आले. मग फाळणी. कल्याणजवळच्या ज्या लष्करी छावणीत युद्धात सैनिक राहायचे, तिथे सिंधी निर्वासित राहायला आले, तेच आजचं उल्हासनगर.

अशा वेळी घरमालकाला मोकळं सोडलं असतं तर गिरणी कामगार आणि कारकून रस्त्यावर आले असते. म्हणून १९३९ला कायदा, १९४४ला दुसरा आणि १९४७ला तो प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याचा गाभा एका ओळीचा: १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते प्रमाण भाडं, त्याहून जास्त मागायचं नाही. पहिल्या महायुद्धातही असा कायदा १९१८ला आला होता, पण तो काही वर्षांनी संपला. शिवाय त्या टंचाईतून सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथे बीडीडीच्या (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) २०७ चाळी तरी बांधल्या. दुसऱ्या वेळचा कायदाही मुदतीचाच होता. मुदत वाढवत गेले. वाढवत गेले. कोणत्याही पक्षाच्या सरकारने या गोठवलेल्या भाड्याला हात लावला नाही, कारण चाळीत मतं होती आणि मालक मोजके होते. १९९७ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालंय, तेव्हा कुठे १९९९चा नवा कायदा आला आणि ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के वाढ. ४ टक्के कशावर? त्याच जुन्या भाड्यावर. आजींच्या चौदा रुपये आठ आण्यांची पंचवीस वर्षं वाढ धरा, चाळिशीच्या आतच येतं. पावतीवर भाड्यापेक्षा कर आणि दुरुस्ती उपकराची रक्कम मोठी असते.

आता हिशोब करा. मजल्यावर वीस खोल्या, सगळ्यांचं भाडं मिळून वर्षाला दहा हजारही होत नाही. त्यात मालकाने सागवानी तुळई बदलायची? मालकावर अन्याय झाला, हे मान्य. मोठ्या फ्लॅटमध्ये राहून गोठवलेल्या भाड्यावर मजा मारणारे भाडेकरूही आहेत, खोलीला कुलूप लावून ठाण्याला राहणारेही आहेत. आहेत. पण आजी त्यातल्या नाहीत.

आणि "फुकट" शब्दाचा मला मनापासून राग येतो. भाडं गोठलं म्हणून मालक रोख रक्कम मागायला लागले, तीच पागडी. १९४७च्या कायद्याने ती घेणं गुन्हा ठरवलं, म्हणून कागदावर काही नाही. १९९९च्या कायद्याने ती अधिकृत केली, तोवर दोन पिढ्या बिनपावतीचे पैसे देऊन बसल्या होत्या. आजींच्या शेजारच्या कुटुंबाने गावची जमीन विकून पागडी दिली. खोली दुसऱ्याला देताना मिळणाऱ्या रकमेचा तिसरा हिस्सा प्रथेने परत मालकाला. याला फुकट म्हणतात?

खरी किंमत इमारतीने मोजली. या चाळींचा भार लाकडी सांगाड्यावर असतो, भिंती म्हणजे मधला विटांचा भराव. टोकाला संडास-मोऱ्यांची रांग. तिथलं पाणी भिंतीत मुरतं आणि तुळईचं जे टोक भिंतीत गाडलेलं असतं ते आतून कुजतं. बाहेरचा भाग रंगवलेला, टणटणीत. म्हणून तुळईवर हातोडी मारायची ती मधे नाही, भिंतीलगत. आवाज ठणठणीत आला तर ठीक, भद्द आला तर पेचकस टोचून बघायचा. बोटभर आत गेला तर तुळई गेली. पावसाळ्यात दरवाजा अडकतो ते लाकूड फुगल्यामुळे. दिवाळीपर्यंत मोकळा झाला नाही तर चौकट वाकली आहे, म्हणजे वरचा भार सरकला आहे. आणि जुन्या कोब्यावर नवी लादी बसवू नका हो. आधीचं न उखडता तिसरा थर टाकणारी घरं आहेत. ते सगळं वजन त्याच कुजलेल्या टोकावर येतं.

टेकूचंही तसंच. टेकू खालच्या मजल्यापासून एका रेषेत हवा, खाली फळी, वर पाचर. फक्त दुसऱ्या मजल्यावर टेकू लावला की भार त्याच मजल्याच्या जमिनीच्या मध्यावर उतरतो आणि ती खचते. आजींच्या मजल्यावर तसाच एक टेकू उभा आहे. त्याच्या खाली काहीच नाही.

म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, दुरुस्ती उपकर भरणाऱ्या इमारतींच्या यादीत आजींची इमारत 'अ' वर्गात येते. 'अ' वर्ग म्हणजे १ सप्टेंबर १९४०पूर्वी बांधलेली. पुन्हा तीच तारीख.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. ग्रुपवर लिहिणाऱ्याचं वय बघितलं, तिशीतला मुलगा आहे. स्वतः भाड्याने राहतो, अकरा महिन्यांच्या करारावर, दरवर्षी भाडं वाढतं. त्याला चाळीस रुपये ऐकून चीड येणारच. त्याला कोणी हे सांगितलेलंच नाही.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पागडीची खोली आहे त्यांनी एवढं करा. जुन्या पावत्यांचे आजच फोटो काढा, दोन ठिकाणी ठेवा. मालक पावती देत नसेल तर भाडं रोख देऊ नका, पुरावा राहील अशा मार्गाने पाठवा. परत आलं तर ते कागद जपा, लघुवाद न्यायालयात तुम्ही भाडं द्यायला तयार होतात हे त्यावरूनच दिसतं. थकबाकीची लेखी नोटीस आली तर ९० दिवसांच्या आत पैसे भरा, "बघू नंतर" म्हणू नका. नोटिशीला उत्तर वकिलाकडून द्या.

आजींच्या मालकाने पावत्या देणं बंद केलं तेव्हा त्यांनी मनीऑर्डर केली होती. ती परत आली. 'घेण्यास नकार' असा शेरा असलेला तो कागद त्यांनी चार घड्या करून डब्यात ठेवलाय, १९४०च्या पावतीच्या वर, त्याच सुतळीत.