‘उशाशी बसून संशोधन होत नसते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अतिदक्षता विभागातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आभासी वास्तव यांवर चाललेल्या संशोधनाबद्दल मी गेल्या महिन्यात लिहिलेल्या लेखावर आपली प्रतिक्रिया आली. आपले आक्षेप थोडक्यात असे : बॉस्टनच्या डेटासंचाची माहिती मी चुकीची दिली, जंतुदोषाचा (सेप्सिसचा) इशारा देणाऱ्या प्रणालीवरचा मिशिगनचा जो अभ्यास मी पुढे केला तो जुना झाला, आभासी वास्तवाच्या चष्म्यांना मी पुरेसे श्रेय दिले नाही, आणि शेवटी आपण लिहिले आहे, ‘बाई, उशाशी बसून संशोधन होत नसते, त्याला डेटा लागतो. कोल्हापुरात बसून बॉस्टनच्या चुका काढणे सोपे आहे.’

पहिला आक्षेप मला मान्य आहे. ‘मिमिक’ या, अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या नोंदींच्या डेटासंचात अमेरिकेतील अनेक रुग्णालयांची माहिती आहे असे मी लिहिले होते, ते चूक होते. ती माहिती बॉस्टनमधील बेथ इस्रायल डीकनेस या एकाच रुग्णालयाची आहे; दोनशेहून अधिक रुग्णालयांची माहिती आहे तो ‘ई-आयसीयू’ हा वेगळा संच. लेखातील ते वाक्य मी दुरुस्त केले आहे. मात्र ही यंत्रे मोजक्याच ठिकाणच्या रुग्णांवरून शिकतात या माझ्या म्हणण्याला ही दुरुस्ती बाधा आणत नाही, उलट बळ देते, हेही नोंदवून ठेवते. कारण शेकडो शोधनिबंध ज्या माहितीवर उभे आहेत, ती एका शहरातील एका इमारतीत आलेल्या रुग्णांची आहे.

आता ‘बाई’विषयी. कोल्हापुरात शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात आणि त्यात आदरच असतो. मला रुग्णांचे नातेवाईक सिस्टर म्हणत, वयस्कर आज्या पोरी म्हणत, आणि यातले काहीच मला कधी लागले नाही. परंतु वाक्याच्या आरंभी, पुढे स्वल्पविराम देऊन, समोरच्याला गप्प बसवण्यासाठी वापरलेला ‘बाई’ कोणत्याही मराठी माणसाला बरोबर कळतो. आपला मुद्दा खरा असता तर त्याला या शब्दाचा टेकू लागला नसता.

आपण मला उशाशी बसलेली म्हटले, ते खरे आहे. १९९५ ते २०२१ अशी सव्वीस वर्षे मी अतिदक्षता विभागात परिचारिका होते, त्यातील शेवटची नऊ वर्षे प्रमुख परिचारिका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले आणि पुढच्या पाळीच्या मुली येऊ शकल्या नाहीत, तेव्हा आम्ही चौघी तीन दिवस विभागातच राहिलो आणि त्या तीन दिवसांतही एकाही खाटेचा दर तासाचा तक्ता कोरा राहू दिला नाही. आपण अतिदक्षता विभागाच्या दारातून शेवटचे आत कधी गेला होता, हे विचारण्याचा मोह मला होतो आहे. हा उद्धटपणा वाटला तर वाटो.

कारण तो तक्ता म्हणजेच आपला डेटा. ‘मिमिक’चा तिसरा संच २०१६ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या कर्त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग यांचे त्यातील आकडे परिचारिकांनी तपासून, वेळेसह नोंदवलेले आहेत. म्हणजे ज्या आकड्यांवर आपली यंत्रे शिकतात, ते बॉस्टनमधल्या कोणा सिस्टरने रात्री तीन वाजता उशाशी उभे राहून, मॉनिटरवरचा आकडा खरा आहे की रुग्णाने हात हलवल्यामुळे भलताच आला आहे हे पाहून, मग लिहिलेले आहेत. उशाशी बसणे वगळले तर डेटाही उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका अभ्यासात आहे. बॉस्टनच्याच दोन रुग्णालयांतील नोंदी तपासताना संशोधकांना असे आढळले की, १७४ पैकी ११८ रक्त व तत्सम तपासण्यांच्या बाबतीत, रुग्ण पुढे जगला की नाही याचा अंदाज तपासणीच्या निकालापेक्षा ती तपासणी केव्हा सांगितली गेली यावरून अधिक चांगला बांधता येतो. हे वाचून मला मुळीच नवल वाटले नाही. मध्यरात्रीनंतर रक्त तपासायला जाते ते उगाच जात नाही. कोणीतरी सिस्टर खाटेजवळून दोनदा गेलेली असते, तिला काहीतरी ठीक वाटलेले नसते आणि तिने डॉक्टरांना उठवलेले असते. यंत्र त्या वेळेच्या नोंदीतून तिची काळजीच वाचत असते, आणि श्रेय मात्र गणिताला मिळते.

‘उशाशी बसून संशोधन होत नसते’ असे आपण ज्या खात्रीने लिहिले, त्या खात्रीला मी आणखी एक उदाहरण देते. पिकांवर फवारायचे ऑर्गॅनोफॉस्फरस औषध पोटात गेलेले रुग्ण आपल्या भागातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागाला ठाऊक आहेत. त्यांना अ‍ॅट्रोपीन हे उताऱ्याचे औषध देताना मात्रा पुरेशी झाली का हे नाडी, रक्तदाब, बाहुल्या आणि छातीतला आवाज यांवरून ठरते, आणि त्याबरोबर रुग्णाच्या काखेत हात घालूनही पाहावे लागते. काख कोरडी असेल तर ठीक. पुन्हा ओलसर लागू लागली तर विष पुन्हा जोर करते आहे. काखेचा ओलावा मोजणारी तार कोणत्याही मॉनिटरला नसते. शिवाय अ‍ॅट्रोपीननेच नाडी धावते आणि कधी अंगही तापते. ज्या यंत्राला असे रुग्ण क्वचितच दिसले, त्याला हे सारे जंतुसंसर्गासारखे दिसले तर दोष कोणाला द्यावा?

अशा रुग्णांत एक ते चार दिवसांनी, विष उतरले असे वाटत असतानाच मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. यावर अ‍ॅट्रोपीनचा उपयोग होत नाही, श्वासाला यंत्राचा आधारच द्यावा लागतो. ही अवस्था १९८७ साली श्रीलंकेच्या सेनानायके आणि कारालियेद्दे या डॉक्टरांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक वेगळी अवस्था म्हणून वर्णन केली. किती रुग्णांवरून? दहा. आपल्यासारख्याच शेतकरी देशात, खाटेजवळ बसून, दहा माणसांकडे नीट पाहून. आपल्या व्याख्येत हे संशोधन बसत नसेल तर व्याख्या बदला.

आणि आता जे मी मूळ लेखात लिहिले नव्हते ते लिहिते. मी काम करत होते तेथे कागदी तक्ता जाऊन संगणक आला. कागदी तक्त्याच्या उजव्या टोकाला ‘शेरा’ नावाचा रकाना होता. संगणकात तो आला नाही. त्यानंतर काही महिन्यांनी राधानगरीकडचा एक तरुण असेच औषध पोटात जाऊन दाखल झाला. तिसऱ्या रात्री तो शुद्धीवर होता, नाडी ब्याण्णव, ऑक्सिजन सत्त्याण्णव, पडद्यावर सगळे हिरवे. उशी सारखी करताना मी त्याला म्हटले, ‘मान उचल बघू, बाळा.’ त्याची हनुवटी थरथरली, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण डोके उशीवरून सुटले नाही, आणि तो ओशाळून हसला. कागद असता तर मी शेऱ्यात लाल शाईने ‘मान उचलत नाही’ असे लिहिले असते आणि सकाळच्या फेरीत तेच पहिल्यांदा वाचले गेले असते. पडद्यावर सहा चौकटी होत्या आणि सहाही आकड्यांच्या. मी कामावरच्या डॉक्टरांना तोंडी सांगितले, ते दुसऱ्या खाटेवर छाती दाबण्यात गुंतले होते. पाळी बदलताना पुन्हा सांगितले, आणि बारा रुग्णांच्या गडबडीत ते वाक्य हरवले. फेरीत सर्वांनी हिरवा पडदा पाहिला. नऊच्या सुमारास त्याचे ओठ निळे पडले आणि धावपळीत नळी घालावी लागली. अकरा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. तो चालत घरी गेला, ही देवाची कृपा. मी डॉक्टरांची पाठ सोडायला नको होती, हे मी आजही स्वतःला सांगते.

त्यानंतर ‘शेरा’ रकाना परत द्यावा असा लेखी अर्ज मी केला. मिळालेले उत्तर मला शब्दशः आठवते : ‘मोकळा मजकूर मोजता येत नाही.’ आपली प्रतिक्रिया वाचताना मला तेच वाक्य पुन्हा ऐकू आले, म्हणून मी इतके लिहिते आहे. बॉस्टनच्या संचात परिचारिकांच्या मोकळ्या शब्दांतल्या टिपा जपून ठेवलेल्या आहेत. मी बॉस्टनच्या चुका काढत नाही. बॉस्टनने जे राखले ते आपण टाकून दिले, असे मी म्हणते आहे.

राहिलेले दोन आक्षेप. मिशिगनचा अभ्यास २०२१ चा आहे. रुग्णालयांत आधीच बसवलेल्या एका इशारा-प्रणालीला जंतुदोषाचे ६७ टक्के रुग्ण ओळखता आले नाहीत आणि तरीही दाखल झालेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांवर तिची घंटा वाजली, हे त्यात दिसले. तो जुना म्हणून खोटा ठरत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील अशाच एका इशारा-प्रणालीच्या २०२२ च्या यशाचा दाखला आपण दिला आहे, पण तेथेही मृत्यू कमी दिसले ते ज्यांच्याबाबतीतला इशारा माणसाने तीन तासांच्या आत पाहून खरा ठरवला, त्या रुग्णांत. यावर आणखी वाद घालण्यासारखे मला काही दिसत नाही.

चष्म्यांबद्दल आपण लेख पूर्ण वाचला नसावा. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्यांना तसाच विभाग चष्म्यातून पुन्हा दाखवला. कोविडच्या ८९ रुग्णांवरील चाचणीत मानसिक त्रास कमी झाल्याचे दिसले नाही, पण रुग्ण उपचारोत्तर काळजीबद्दल अधिक समाधानी होते, इतकेच मी लिहिले आणि ते बरोबर आहे. कल्पना मला मनापासून पटते. आमच्याकडचे एक गृहस्थ बरे झाल्यावर महिन्याने पेढे घेऊन आले आणि खाट पाहू द्या म्हणाले. रोज रात्री त्यांना आपण पुराच्या पाण्यात बुडत असल्याचे दिसे आणि कानाशी घुरघुर ऐकू येई. मी त्यांना घशातला कफ ओढून काढणारे सक्शनचे यंत्र चालू करून दाखवले. ते बराच वेळ तेथे उभे राहिले, मग म्हणाले, ‘म्हणजे हे होतं होय.’ ज्याला हे प्रत्यक्ष दाखवता येत नाही त्याला चष्मा द्यावा, माझी ना नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, ‘बाई’सकट ती तेथेच राहील. आपण लिहिता की आपण पुण्यात रुग्णालयांसाठी अशीच प्रणाली तयार करता. तर तिच्यात ‘मान उचलत नाही’ ही नोंद सिस्टरने कोठे करायची, त्या चौकटीचे नाव मला कळवा. ती असेल तर मी लेखात आणखी एक दुरुस्ती करीन.