दिसायला एक, पण जात वेगळी

प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या जातींवरच्या या लेखाखाली एका वाचकाने विचारलंय, "डोळ्यांना न दिसणाऱ्या प्लवकांच्या एका जातीच्या चार केल्या तर कुणाला काय फरक पडतो?" फार मोठा फरक पडतो. १९८७ साली कॅनडात प्रिन्स एडवर्ड आयलंडचे शिणाणे (एक प्रकारचे शिंपले) खाऊन शंभरावर माणसं आजारी पडली, काही दगावली, काहींची स्मरणशक्ती कायमची गेली. विष होतं डोमोइक आम्ल, आणि ते बनवत होता सुईसारखा एक डायटम, म्हणजे काचेच्या कवचाचं एकपेशी शैवाल. तेव्हा तो दुसऱ्याच एका जातीचा नुसता उपप्रकार समजला जायचा. साध्या सूक्ष्मदर्शकात दोघे सारखेच! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या कवचावरची भोकं मोजली की कळतं: त्या जुन्या जातीच्या रेघेत भोकांच्या दोन ओळी, या विष बनवणाऱ्याच्या तीन-चार. १९९५मध्ये त्याला 'स्यूडोनिट्झ्शिया मल्टिसिरीज' ही स्वतंत्र जात मानलं गेलं.

इटलीतल्या नेपल्सच्या आखातातल्या, याच कुळातल्या, हुबेहूब दिसणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत एकत्र ठेवून पाहिल्या, तर त्या आपापल्या गटातच जुळल्या. पाणी एकच, मधे भिंत कुठलीच नाही, तरी सोयरीक नाही! दर विभाजनाला हे डायटम लहान होत जातात, आणि पुन्हा मोठं व्हायला बहुतेकांना मीलन लागतंच. त्यामुळे जोडीदार कोण, यावर त्यांचं सगळं अवलंबून असतं.

लेखकांना विनंती, आता अरबी समुद्रातल्या नॉक्टिल्युका या प्लवकावरही लिहा. पोटात हिरवं शैवाल पाळणारा आणि तसं न पाळणारा लाल, दोघांचं नाव अजून एकच आहे.