१२० किलोचे श्रग्ज आणि तरीही सपाट पाठ: एका वाचकाला उत्तर

नमस्कार. आमच्या लेखावर गोव्यातल्या डिचोलीहून आलेली तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो: "श्रग्ज (वजन हातांत धरून खांदे कानांकडे उचलणं) केले नाहीत तरी चालेल असं लेखात म्हणता, पण ट्रॅप्स श्रग्जनेच होतात. मी आठ महिने रोज १२० किलोचे श्रग्ज मारतोय. पाठ रुंद करायची तर पुलडाउन (मशीनचा वरचा रॉड खाली ओढणं) मानेमागे घ्यावा लागतो, हे कुठलाही ट्रेनर सांगेल. डेडलिफ्टनं (जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहण्यानं) कंबर जाते. स्ट्रॅप (मनगटाला रॉडशी बांधणारा पट्टा) लावून वजन उचलणं ही स्वतःची फसवणूक. आणि पावसाळ्यात आमच्या जिममध्ये रॉड हातात टिकत नाही, तिथे तुमचे नियम कोण पाळणार? माझे ट्रॅप्स पुढून थोडे दिसतात, मागून पाठ सपाटच आहे, पण ती आमच्या घराण्याची ठेवण."

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो. घराण्याला इतक्यात बोल लावू नका.

ट्रॅप्स म्हटलं की मान आणि खांदा यांच्यामधला उंचवटा डोळ्यांसमोर येतो. तो त्या स्नायूचा फक्त वरचा कोपरा. ट्रॅपेझियस कवटीच्या मागच्या कडेपासून निघतो, मानेवरून उतरत छातीच्या बाराव्या मणक्यापर्यंत, म्हणजे शेवटच्या बरगडीच्या पातळीपर्यंत जातो, आणि बाहेरच्या बाजूला गळ्याच्या हाडावर आणि खांद्याच्या फऱ्यावर येऊन बसतो. डावा-उजवा मिळून पाठीवर पतंग चिकटवल्यासारखा आकार होतो. त्याचे वरचे धागे फरा उचलतात, मधले त्याला कण्याकडे ओढतात, खालचे खाली खेचतात. श्रग्जमध्ये फरा वर जातो आणि खाली येतो, एवढंच. म्हणजे आठ महिने तुम्ही पतंगाचा वरचा तुकडा राबवलात आणि उरलेला बसून राहिला. पुढून थोडं दिसतं आणि मागून काहीच नाही, याचं कारण हेच.

आता ते १२० किलो. मोकळ्या खांद्याचा फरा वर-खाली मिळून साधारण १० सेंटिमीटर सरकतो. मोबाइल मागे, पाठीच्या उंचीवर ठेवा. आधी रिकाम्या हातांनी खांदे कानांकडे उचलून चित्रण करा, मग १२० किलो घेऊन. दुसऱ्या चित्रणात खांदे पहिल्याच्या निम्म्यापर्यंतही जात नसतील, आणि त्याऐवजी गुडघे वाकून सरळ होताना किंवा हनुवटी पुढे येताना दिसली, तर रॉड पाय आणि कंबर उडवतायत, ट्रॅप्स फक्त झटका झेलतायत. वजन ६० ते ७० किलोवर आणा. वर पोचल्यावर पूर्ण एक सेकंद थांबा, मग दोन-तीन सेकंद घेत खाली सोडा, अगदी तळाशी मानेच्या बाजू ताणल्यासारख्या वाटेपर्यंत. १२ रेप्स (आवर्तनं) अशा करून बघा. बहुतेकांचा आठव्या रेपला चेहरा बदलतो.

पकडही बदला. वरचे धागे सरळ उभे नसतात, मानेकडून खांद्याकडे तिरके उतरतात. हात शरीराला चिकटून लोंबत असले तर ती ओढ त्यांच्या रेषेत नीट येत नाही. हात बाजूला ३० अंशांच्या आसपास उघडले की येते. म्हणून रॉडवर हात खांद्यांपेक्षा बरेच रुंद धरा, वीतभर तरी बाहेर. डंबेल्स असतील तर आणखी चांगलं, रॉड मांड्यांना घासत नाही. आणि वर गेल्यावर खांदे गोल फिरवणं बंद करा. वजन खालीच खेचतंय, मागे-पुढे नाही. त्या फिरवण्यानं स्नायूला काही मिळत नाही, सांध्याची मात्र उगाच घासाघीस.

एक चूक आमची. लेखात "श्रग्ज वगळले तरी चालतील" असं सरसकट लिहिलं, ते बरोबर नव्हतं. डेडलिफ्टमध्ये वरचे ट्रॅप्स ताणलेल्या अवस्थेत वजन धरून ठेवतात, पूर्ण आकसत नाहीत. ज्याला तो उंचवटाच मोठा करायचा आहे, त्याला श्रग्ज हवेतच. आठवड्यात दोनदा, तीन-तीन सेट. वाक्य दुरुस्त केलं आहे. पण रोज? रोज केलेल्या श्रग्जनी मान आखडते, कवटीच्या बुडाशी ठणका लागतो, आणि दुसऱ्या दिवशी रो (वाकून वजन अंगाकडे ओढणं) करताना तोच थकलेला वरचा भाग आधी पुढे सरसावतो.

पाठीची जाडी रोमध्ये आहे. त्यातही जिथे फरा हलतो त्या रोमध्ये. ही गोष्ट नव्वद टक्के व्यायामशाळांत चुकते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार होणार नाही. बारबेल रोमध्ये पहिल्या दोन रेप्सना धड जमिनीला जवळजवळ समांतर असतं, पाचव्याला ४५ अंश, आठव्याला माणूस उभाच. तोपर्यंत रो संपून श्रग सुरू झालेला असतो. म्हणून तुमच्यासारख्याला, ज्याची सवय आधीच वर उचलायची आहे, सुरुवातीला छाती टेकवून रो करायला सांगू. बाक ३० अंशांवर लावा, त्यावर पालथे झोपा, छाती वरच्या कडेला टेकवा, पाय जमिनीवर. डंबेल्स लोंबू द्या, इतके की फरे पुढे सरकून एकमेकांपासून लांब जातील. आता कोपर वाकवण्याआधी फरे मागे ओढा, मग कोपर. डंबेल बरगडीच्या खालच्या भागाकडे आला आणि कोपर शरीराजवळ राहिलं तर काम जास्त लॅट्सचं, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंच्या रुंद स्नायूंचं. कोपर ४५ ते ६० अंश बाहेर काढून छातीच्या रेषेत ओढलं तर मधले ट्रॅप्स, रॉम्बॉइड्स (फरा आणि कणा यांच्यामधले स्नायू) आणि खांद्याचा मागचा भाग. दोन्ही हवेत. एका दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दुसरा. छाती बाकावरून उचलली गेली की सेट संपला असं समजा.

त्याच बाकावर, त्याच स्थितीत, कोपर अजिबात न वाकवता फक्त फरे मागे ओढायचे, याला केल्सो श्रग म्हणतात. तुम्हाला श्रग्ज आवडतातच, तर हा करा. १५-२० किलोच्या डंबेल्सनी १२ रेप्स, वर एक सेकंद. मधल्या ट्रॅप्सचा पत्ता कुठे आहे हे पहिल्याच सेटला कळतं.

खालच्या धाग्यांसाठी वाय रेझ: पुन्हा तोच बाक, हातांत दोन ते चार किलो, अंगठे वर, हात डोक्याच्या दिशेनं इंग्रजी वाय अक्षरासारखे तिरके उचलायचे. इथे दहा किलो उचलण्याचा मोह आवरा. वजन जड झालं की वरचे ट्रॅप्स मदतीला धावतात आणि खांदे कानांना लागतात, म्हणजे ज्याच्यासाठी व्यायाम घेतला तोच सुटतो.

मानेमागचा पुलडाउन. रुंदी देतात लॅट्स, आणि ते दंडाचं हाड खाली, शरीराकडे ओढतात. रॉड मानेमागे आला म्हणून ते जास्त ओढत नाहीत. फक्त खांदा बाहेर वळून अडचणीच्या कोनात जातो आणि मान पुढे झुकते. रॉड गळ्याच्या हाडाखाली आणा, पकड खांद्यांच्या रुंदीच्या दीडपट, मांड्या गादीखाली घट्ट, धड १०-१५ अंश मागे, कोपरं पँटच्या खिशाकडे. वर सोडताना हात पूर्ण सरळ होऊ द्या. जमेल त्या दिवशी याऐवजी पुलअप्स. एकही जमत नसेल तर स्टुलावरून वर जाऊन पाच सेकंदांत खाली उतरा, असे पाच. माडावर चढणाऱ्या पाडेलीची पाठ कधी मागून बघितलीत तर स्वतःचं वजन ओढण्यानं काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

डेडलिफ्टबद्दलचा तुमचा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्याचं कारण आपल्याकडच्या जिममधल्या प्लेट्स. प्रमाणित मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंच राहतो. छोट्या जिममध्ये दहा-दहा किलोच्या लहान लोखंडी प्लेट्स लावल्या की रॉड त्याच्या बराच खाली जातो, आणि तिथपर्यंत पोचायला कंबर गोल होतेच. दोष व्यायामाचा नाही, उंचीचा. दोन्ही बाजूंना प्लेट्स आडव्या रचून किंवा लाकडी ठोकळे ठेवून रॉड नडगीच्या मध्यापर्यंत उचलून घ्या. टेप लावून मोजा, अंदाजानं नको.

मग असं: पाय कमरेइतक्या अंतरावर, रॉड पावलाच्या मध्यावर, नडगीपासून दोन-तीन सेंटिमीटर. रॉड न हलवता वाकून पकडा, नडगी रॉडला लागेपर्यंत गुडघे पुढे आणा, छाती वर. खांदे आणि काखा घट्ट करून रॉडमधला ढिलेपणा काढा, प्लेट्सचा टिक् असा आवाज येतो. पोटात श्वास भरून तो धरा आणि पायांनी जमीन खाली ढकला. रॉड पायांना चिकटूनच वर यायला हवा. तो जितका पुढे जातो, तितका कमरेवरचा भार वाढतो, वजन तेच असलं तरी. ढुंगण आधी वर आणि रॉड तिथेच, असं झालं तर वजन जास्त आहे. पाच-पाचचे तीन सेट, आठवड्यातून एकदा, दर वेळी अडीच ते पाच किलो वाढ, आणि आकार बिघडला की वाढ थांबवायची. कमरेतून पायात कळ किंवा मुंग्या येत असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

स्ट्रॅप्सची गंमत अशी की २०१६ मध्ये ब्रिटिश स्ट्राँगमन एडी हॉल यांनी डेडलिफ्टमध्ये ५०० किलो उचलले तेही स्ट्रॅप्स बांधूनच. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत ते चालत नाहीत, खरं आहे. पण तुम्हाला स्पर्धा जिंकायची नाही, पाठ वाढवायची आहे. रो आणि श्रग्जमध्ये पाठ दमायच्या आधी बोटं सुटली तर सेट बोटांचा झाला. हलके सेट उघड्या हातांनी करा, शेवटचे दोन जड सेट स्ट्रॅप्सनी. पट्टा अंगठा आणि तर्जनीच्या मधून रॉडखालून घेऊन बोटांच्या उलट दिशेनं दोन वेढे, मग मनगट वळवून घट्ट. मुठीची ताकद वेगळी कमवा: शेवटी दोन्ही हातांत वजन घेऊन ३० मीटर चालणं, चार फेऱ्या, खांदे मागे-खाली. घरी करायचं तर पाण्याचे २० लिटरचे भरलेले कॅन प्रत्येकी २० किलोच्या वर भरतात.

पावसाळ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जूनपासून आपल्याकडे टॉवेल वाळत नाही, हात कुठून वाळणार? पण त्यावर लोक जे करतात ते उलटं असतं: तळहातांना अंगाची पावडर लावतात. ती टाल्कची, म्हणजे घसरवणारी. हवा तो चॉक, मॅग्नेशियम कार्बोनेट. चिमूटभर घ्या, बोटांच्या मुळाशी चोळा, जास्तीचा झटका. मालकाला फरशीवर पांढरं नको असेल तर पातळ चॉक मिळतो, त्यातलं अल्कोहोल उडून कोरडा थर उरतो. सेटच्या आधी रॉड कोरड्या फडक्यानं पुसा. रॉडवरच्या खरबरीत नक्षीत गंज आणि घामाचा थर साचला असेल तर पितळी तारांच्या ब्रशनं घासून, मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवून, परत कोरडा पुसून घ्यायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे, पण करत कोणी नाही.

खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण पाठ हवेतून वाढत नाही. वजनाच्या दर किलोला रोज १.६ ग्रॅम प्रथिनं धरा. ७० किलोच्या माणसाला ११२. दीडशे ग्रॅम बांगड्यातून २८, तीन अंड्यांतून १८, अर्धा लिटर दुधातून १६, ६० ग्रॅम कोरड्या अळसांद्यांतून (चवळीतून) १४, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२. भात-पोळीचे वीसेक मिळवले की जवळजवळ भागतं, प्रोटीन पावडरचा डबा विकत न घेता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा नुस्त्याची, म्हणजे मासळीची जागा चिकन आणि जादा अंड्यांनी भरा. नुसत्या शीत-कडीवर (भात-आमटीवर) ते दोन महिने काढलेत तर आकडा बराच खाली येतो.

मांडणी सांगायची तर एका दिवशी डेडलिफ्ट, छाती टेकवून रोचे चार सेट ८ ते १० रेप्सचे, पुलडाउनचे तीन, वाय रेझचे दोन. तीन दिवसांनी पुलअप्सचे तीन, कोपर बाहेर काढून रोचे तीन, केल्सो श्रगचे तीन, रुंद पकडीचे श्रग्ज तीन, शेवटी वजन घेऊन चालणं. वाय रेझ आणि चालणं सोडून प्रत्येक सेट आणखी एक-दोन रेप्स निघाल्या असत्या अशा ठिकाणी थांबवा. श्रग्ज एका दिवसावर आणले आहेत ते मुद्दाम, पहिले दोन महिने मान मोकळी होऊ दे.

आणि सोमवारी जिममध्ये गेलात की आधी तो रॉड काट्यावर ठेवा. मोठा प्रमाणित रॉड २० किलोचा, पण पातळ, बारीक टोकांचा रॉड बऱ्याचदा ८-१० किलोचाच असतो. तुमचे १२० त्यातच ११० झालेले असू शकतात.