नियम वगैरे काही नाही हो, आपलं समजून घ्यायचं

समजा तुमच्याकडे एक खेळ आहे, मस्त चाललाय, तिकिटं खपतायत, पण त्यात काळ्या खेळाडूंना येऊ द्यायचं नाहीये. तर सगळ्यात आधी, कागदावर काही लिहू नका. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांकडून सुरुवातीला ही चूक झाली होती, १८६७ साली त्यांच्या संघटनेने चक्क लिहूनच टाकलं की ज्या क्लबात एकसुद्धा काळा माणूस असेल तो क्लब आम्हाला नको. लिहिलं की दीडशे वर्षांनी कोणीतरी रिकामटेकडा ते शोधून वाचतो (मी वाचलं ना). पुढची माणसं शहाणी निघाली, त्यांनी ठेवला तो सभ्य गृहस्थांचा आपसातला करार, ना सही ना शिक्का.

मग एक मोठा स्टार पकडा जो सगळ्यांच्या वतीने नाक मुरडेल. शिकागोचा कॅप्टन कॅप अ‍ॅन्सन आदर्श माणूस. ऑगस्ट १८८३ मध्ये टोलेडोला मॅच होती, तिथला कॅचर मोझेस फ्लीटवुड वॉकर काळा, अ‍ॅन्सन म्हणाला हा असेल तर आम्ही खेळत नाही. आता गंमत अशी की वॉकरचा हात दुखत होता, तो त्या दिवशी खेळणारच नव्हता, पण टोलेडोचा मॅनेजर इरेला पेटला, वॉकरला मुद्दाम मैदानात उभं केलं आणि वर सांगितलं की खेळला नाहीत तर गेटच्या पैशातला वाटा मिळणार नाही. झालं, तत्त्व गेलं खिशात आणि अ‍ॅन्सन गेला मैदानात. पण तुम्ही निराश होऊ नका, धीर धरा, १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या (मोठ्या लीगच्या खालची लीग) मालकांनी मतदान करून काळ्या खेळाडूंशी नवे करार बंद केले, आणि मोठ्या लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगमध्ये, १८८४ नंतर जो काळा खेळाडू दिसला तो थेट १९४७ ला.

अधूनमधून कोणी बाल्टिमोरच्या मॅनेजर मॅकग्रॉसारखा आगाऊ निघेल. याने १९०१ मध्ये चार्ली ग्रँट नावाच्या काळ्या खेळाडूला टोकोहामा असं नाव देऊन चेरोकी इंडियन म्हणून आपल्या टीममध्ये घुसवायचा बेत केला होता, म्हणजे बघा, रंगाची अडचण नव्हती, फक्त तो कुठला रंग आहे हे नीट सांगायला हवं होतं. तो बेत फसला ते सोडा.

पैशाचं मात्र सोवळं पाळू नका, पैशाला विटाळ होत नाही. काळ्या लोकांनी त्यांच्या वेगळ्या लीग काढल्या, १९२० मध्ये रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग उभी केली, काढू द्या की, त्यांना ग्राउंड लागेलच ना? वॉशिंग्टनचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांनी काय केलं, आपली टीम दौऱ्यावर गेली की स्टेडियम होमस्टेड ग्रेज या काळ्या टीमला भाड्याने. कधीकधी ग्रेजना घरच्या टीमपेक्षा जास्त गर्दी व्हायची. भाडं घ्यायचं, खेळाडू घ्यायचा नाही. इतका सुंदर धंदा मोडायला कोण येडा बसलाय.

कोणी विचारलंच तर उलट पुरावा मागा. बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, कमिशनर लँडिस, माजी न्यायाधीश, त्यांना हे बरोबर जमायचं. १९४२ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की असा कुठलाही नियम नाही, लेखी नाही, तोंडी नाही. आणि खोटं कुठे होतं, नियम नव्हताच, फक्त त्यांच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत मोठ्या लीगमध्ये एक काळा खेळाडू आला नाही. योगायोग हो.

फारच दबाव आला तर ट्रायल घ्या. एप्रिल १९४५, बॉस्टन. एका नगरसेवकाने रविवारच्या मॅचेसची परवानगी अडवायची धमकी दिली म्हणून रेड सॉक्सने तीन काळ्या खेळाडूंना फेनवे पार्कवर बोलावलं, खेळ बघितला आणि मग काही कळवलंच नाही. त्यातला एक जॅकी रॉबिन्सन होता. दोन वर्षांनी तो ब्रुकलिनकडून उतरला, १९४९ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, १९५६ नंतर निवृत्तसुद्धा झाला, आणि रेड सॉक्सने पहिला काळा खेळाडू उतरवला १९५९ मध्ये, सगळ्या टीम्सच्या शेवटी. घाई करून कोणाचं भलं झालंय?

आणि दार उघडलंच तर उघडायचे पैसे देऊ नका. ब्रुकलिनच्या ब्रांच रिकी यांनी रॉबिन्सनसाठी त्याच्या आधीच्या काळ्या टीमला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, एक डॉलर दिला नाही, तरी इतिहासात उदार म्हणून नाव त्यांचंच (धाडस होतं हे मान्य, पण फुकटात). चांगले खेळाडू निघून गेले, मागोमाग प्रेक्षक गेले, आणि १९४८ च्या सीझननंतर निग्रो नॅशनल लीग (फॉस्टरची नव्हे, त्याच नावाची दुसरी) बंद. निग्रो लीगचा जुना स्टार सॅचेल पेज त्या वर्षी मोठ्या लीगमध्ये ‘नवखा’ म्हणून आला, वय ४२.

शेवटी सत्कार भरपूर करा. दरवर्षी १५ एप्रिलला सगळ्यांनी ४२ नंबरचा शर्ट घाला, रॉबिन्सनचा नंबर, फोटो छान येतात. जुने आकडेसुद्धा मोजून टाका, २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले आणि जॉश गिब्सन बॅटिंग सरासरीत सगळ्यांच्या वर गेला, .३७२, टाय कॉब .३६७ वर खाली. हे गिब्सनला कळवायचं तेवढं राहिलं, तो जानेवारी १९४७ मध्येच गेला, पस्तिशीत, रॉबिन्सन मैदानात उतरायच्या जेमतेम तीन महिने आधी.