‘कुलपातलं पिस्तूल म्हणजे नुसतं लोखंड’ म्हणे!

घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणाऱ्यांसाठी कोणा ‘माजी कमांडो’च्या पाच सूचनांचा मेसेज सध्या फिरतोय. कमांडोचं नाव कुठेच नाही, ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’ मात्र आहे. आमच्या भाऊजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘शंभर टक्के बरोबर.’ भाऊजींकडे परवान्याचं पिस्तूल आहे आणि नऊ वर्षांचा मुलगाही आहे. ग्रुपवर यावर दहा अंगठे आले, प्रश्न एकाचाही नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: कुलपातलं पिस्तूल म्हणजे नुसतं लोखंड, तेव्हा ते भरून उशाशी ठेवा. मुलं असतील तर कपाटात वर, कपड्यांखाली लपवा. मुलांना ‘हात लावायचा नाही’ हे नीट शिकवलं की कुलूप लागतच नाही. मॅगझिन (पिस्तुलात बसवायची गोळ्यांची डबी) काढलं की पिस्तूल रिकामं. आणि घरात हत्यार आहे हे चारचौघांत कळू द्या, चोर फिरकणार नाही.

‘नीट शिकवलं की कुलूप लागतच नाही’ या तिसऱ्या सूचनेपासून सुरुवात करतो, कारण यातली सगळ्यात घातक तीच आहे.

२००१ साली ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला. ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांचे दोघा-तिघांचे २९ गट केले आणि एकेक गट १५ मिनिटांसाठी एका खोलीत सोडला. तिथल्या खणांमध्ये पाण्याची दोन खेळण्यातली पिस्तुलं होती आणि एका खणात खरं पिस्तूल, गोळ्या नसलेलं. प्रयोग करणारे पलीकडून एकतर्फी काचेतून पाहत होते. गोळी सुटेल इतक्या जोराने चाप ओढला गेला की त्यांच्याकडे दिवा लागायचा. २१ गटांना खरं पिस्तूल सापडलं. त्यांतल्या १६ गटांनी ते हाताळलं आणि १० गटांमध्ये कोणी ना कोणी चाप ओढला. ज्यांना ते सापडलं त्यांतल्या साधारण निम्म्या मुलांना ते खेळणं वाटलं, किंवा खरं की खोटं हे कळेना.

आता खरी गोष्ट. ज्या मुलांनी पिस्तूल हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितलं की बंदुकीपासून कसं जपायचं हे आपल्याला आधी शिकवलेलं आहे. म्हणजे ही ‘नीट शिकवलेली’ मुलं होती! ‘आमच्याला त्यात रसच नाही’ असं आईबाप ज्यांच्याबद्दल म्हणाले होते, तीही बाकीच्यांइतकीच पुढे सरसावली.

भाऊजी, तुमचा मुलगा शहाणा आहे, मलाही मान्य आहे. पण तो तुमच्यासमोर कसा वागतो हा प्रश्नच नाही. घरी मित्र आला आहे, मोठं माणूस शेजारच्या खोलीत आहे आणि खण उघडा सापडला, तेव्हा तो काय करेल याची हमी तुम्ही देता? आणि त्या मित्राची? त्याला तर तुम्ही काहीच शिकवलेलं नाही. मुलांना जरूर शिकवा: दिसलं तर हात न लावता मोठ्यांना सांगायचं. पण हे कुलपाच्या जोडीला, कुलपाऐवजी नाही.

लपवण्याबद्दल फार लिहीत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, आपल्या मुलाला बंदुकीची जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. दिवाळीच्या आधी आणलेली भेटवस्तू जी मुलं कपाटातून शोधून काढतात, तीच ही मुलं.

उशाशी भरलेलं पिस्तूल ठेवण्यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पिस्तूल एका खोलीत, काडतुसं दुसऱ्या खोलीत, किल्ली कुठे तेच आठवत नाही, असं असेल तर रात्री दोन वाजता त्याचा काही उपयोग नाही. बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्याही डोळे झाकून घेऊ नयेत. ओल्या बोटाला त्या कित्येकदा दाद देत नाहीत, बॅटरी उतरते, आणि २०२३ साली अमेरिकेत अशा सुमारे ६१ हजार पेट्या परत मागवाव्या लागल्या, कारण ठसा नोंदवलेला नसेल तर त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या. पण यातून ‘कुलूपच नको’ कसं निघतं? पलंगाजवळ बोल्टने पक्की बसवलेली, बटणांच्या नंबरकुलपाची छोटी पोलादी पेटी सरावाने काही सेकंदांत, अंधारातही उघडते. शिवाय पेटी उघडताना माणूस नीट जागा होतो. उशीखालचं पिस्तूल अर्धवट झोपेत चाचपताना बोट थेट चापावर जाऊ शकतं, हे कमांडोंना माहीत नसावं. जास्तीची काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि चापावर लावायचं कुलूप भरलेल्या पिस्तुलाला कधीच लावायचं नाही, ते लावतानाच चाप दाबला जाऊ शकतो.

आणखी एक, जे मेसेजमध्ये औषधालाही नाही. घरातल्या पिस्तुलाचा धोका लहान मुलांपुरता नसतो. परीक्षेत आपटलेला सतरा वर्षांचा मुलगा, खचलेला मोठा माणूस, त्या एका रात्रीपुरता स्वतःच्याच जिवावर उठलेला. तेव्हा मध्ये आलेलं कुलूप वेळ देतं, आणि कित्येकदा तेवढ्या वेळात ती लाट ओसरते. घरात कोणी अशा अवस्थेत असेल तर पेटीचा नंबर बदलणंही पुरेसं नाही. हत्यार काही काळ कायदेशीर मार्गाने घराबाहेर ठेवा.

‘मॅगझिन काढलं की रिकामं’ हे धडधडीत खोटं. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, एक गोळी राहिलेली असू शकते, आणि कित्येक पिस्तुलं मॅगझिनशिवायही ती झाडतात. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं, बोट घालून चाचपायचं. नळी सगळा वेळ सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर. क्रम उलटा केलात तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली नवी गोळी आत सारते.

राहिला चोर. घरात पिस्तूल आहे हे चारचौघांना सांगितलंत तर तुम्ही बाहेर असताना तो नेमकं तेच न्यायला येईल, आणि कपड्यांच्या घडीखाली तो पहिल्यांदा हात घालतो. मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हेही पाठवा.