"४० मिनिटं आईकडे कोणाचं लक्षच नव्हतं" या रिव्ह्यूला आमचा रिप्लाय

नमस्कार सर, सगळ्यात आधी मनापासून सॉरी. तुमच्या आई घरीच होत्या आणि मशीनवरून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम आमच्या घरच्या घरी हॉस्पिटल सेवेचं होतं, त्यामुळे त्या रात्री घरातल्या सगळ्यांना किती धास्ती बसली असेल हे कळतं. पेशंटची बाकी माहिती इथे लिहिणार नाही, तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्याचंच उत्तर देतोय.

पण ४० मिनिटांचं सांगू द्या, कारण ते वाचून दोन दिवस झोप नाहीये. आईंच्या छातीवरच्या पॅचचा डेटा आमच्याकडे पाठवणाऱ्या बॉक्सचं कनेक्शन तुटल्याची वेळ अॅपवर २:०६ आहे. आम्ही ३ मिनिटं थांबतो कारण वायफाय रात्रीतून दहादा तुटतं आणि आपोआप येतं, दर वेळी फोन केला तर लोक झोपणार कधी. २:०९ ला तुम्हाला पहिला कॉल, २:१२ ला दुसरा, २:१४ ला तुम्हीच फॉर्मवर दिलेला दुसरा नंबर, तो बंद. २:१५ ला सिस्टर निघाल्या आणि २:३८ ला दारात होत्या. बेल ३ वेळा वाजवली, दार २:४६ ला उघडलं. म्हणजे ४० मधली शेवटची ८ मिनिटं त्या दाराबाहेर उभ्या होत्या सर, आणि रिव्ह्यूत मात्र त्या "निवांत आल्या" असं आहे. सिस्टर दारात पोचायला आम्ही ३० मिनिटं सांगितली होती, २:०६ पासून ३२ लागली, त्या २ मिनिटांची चूक आमची. अमेरिकेत २०२० च्या नोव्हेंबरमध्ये हॉस्पिटलांना अशी घरच्या घरी सेवा द्यायची परवानगी मिळाली तेव्हाही तब्येत बिघडली तर ३० मिनिटांत मदत आणि रोज २ वेळा प्रत्यक्ष व्हिजिट अशीच अट होती, आम्ही आकडा उगाच हवेतून काढलेला नाही.

आणि मशीन "खराब" नव्हतं. डेटा पाठवणाऱ्या बॉक्सचा प्लग काढून तिथे मोबाईलचा चार्जर लावलेला होता, बॉक्सची बॅटरी ६ तास चालते म्हणजे तो प्लग रात्री ८ च्या सुमाराला निघालेला. कोणी मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण पहिल्याच दिवशी त्या प्लगवर लाल स्टिकर लावून सांगितलं होतं. बॅटरी कमी झाल्याचा मेसेज आमच्या स्क्रीनवर आला होता हेही खरं, तो पिवळ्या रंगात येतो आणि लाल अलर्टच्या गर्दीत आमच्याकडून राहिला. ते बदलायला सांगितलंय, लवकरच होईल.

छातीवरचा पॅच मात्र पूर्ण वेळ चालू होता, त्यात साठलेला डेटा नंतर अपलोड झाला, नाडी आणि श्वास दोन्ही व्यवस्थित. सिस्टरनी बोटाला लावून बघितलं तेव्हा ऑक्सिजन ९४ होता.

"यापेक्षा वॉर्डात ठेवलं असतं" हे वाक्य सगळ्यात लागलं. वॉर्डात रात्री साधारण ४-४ तासांनी बीपी-टेम्परेचर बघतात, अधल्यामधल्या वेळात पेशंट एकटाच असतो, आम्ही सलग बघतो म्हणून तर कनेक्शन गेलेलं ३ मिनिटांत कळलं. पैशांबद्दल ऑफिसमधून फोन येईल, त्या रात्रीचं काहीतरी अॅडजस्ट करू.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. कॉल लॉग तुमच्या मेलवर पाठवलाय, तो एकदा बघा आणि सिस्टरबद्दलची ती ओळ तेवढी बदलता आली तर बदला. आणि दुसरा नंबर प्लीज चालू असलेला द्या.